बांध घालण्याआधी रानाचा उतार बघा

पत्र : वडील गेल्या वर्षी वारले. आम्ही तीन भाऊ, एक बहीण, आणि आई आहे. बार्शी तालुक्यात साडेपाच एकर जमीन. चार एकर एका गटात, रस्त्याला लागून. दीड एकर नाल्यापलीकडे, तिथं जायला धड वाट नाही. मी थोरला, शेती मीच बघतो. सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी, पाणी पुरलं तर कांदा. मधला चाकणला कंपनीत आहे, धाकटा गावातच टेम्पो चालवतो. मधला म्हणतो, माझा वाटा मोकळा करा, एजंट गुंठ्याचा भाव सांगतोय. धाकटा म्हणतो, दोन्ही रानांचे तीन-तीन वाटे करा, म्हणजे चांगलं-वाईट सगळ्यांना सारखं येईल. शिवाय सातबारा वेगळा झाला की पीएम किसानचा हप्ताही वेगळा. चार एकराची रुंदी रस्त्याच्या बाजूनं 330 फूट आणि लांबी 528 फूट. रस्त्याकडचा भाग मुरमाड, खाली उतरत जाऊन काळी जमीन, विहीर खालच्या कोपऱ्यात. बहिणीची सही घेऊन टाका असं भावकी सांगते, माझं मन होत नाही. इतके तुकडे केले तर शेती उरेल का? आणि वरच्या मुरमाडात डाळिंब लावायचं मनात आहे, लावू का?
थोरला भाऊ, तालुका बार्शी

नमस्कार भाऊ,

वाटणीची पत्रं मला बरीच येतात. त्यात कोण काय बोललं ते पानभर असतं आणि जमीन किती लांब-रुंद आहे ते कुठंच नसतं. तुम्ही फूट लिहिलेत, उतार लिहिलात, विहीर कुठे तेही सांगितलंत. म्हणून आधी फुटांचंच बोलू, भावांचं नंतर.

धाकट्याचं म्हणणं मानलं तर चार एकराच्या रस्त्यापासून खालपर्यंत तीन उभ्या पट्ट्या पडतील. प्रत्येक 110 फूट रुंद आणि 528 फूट लांब. दोन नवे बांध येतील. बांध म्हणजे नुसती मातीची रेघ नव्हे. त्याचा पाया, त्यावरचं गवत, दोन्ही बाजूंना न कसली जाणारी जागा असं सगळं धरून चार फूट तरी जातात. दोन बांधांचे मिळून 4,224 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ चार गुंठे. ऐकायला फार वाटत नाही. पण खरं नुकसान त्या चार गुंठ्यांत नाहीच.

तुमचं रान रस्त्याकडून खाली उतरतं. आज तुम्ही पेरणी उताराला आडवी करता, निदान करत असाल अशी आशा आहे. कोरडवाहू शेतीत ही पहिली शिकवण. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र कैक वर्षं हेच सांगत आलंय. आडव्या सरीत पाणी थांबतं, मुरतं आणि माती जागेवर राहते. आता 110 फुटांच्या पट्टीत ट्रॅक्टर आडवा घालून बघा. दोन्ही टोकांना वळायला बारा-बारा फूट लागतात. म्हणजे पट्टीचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग नुसता वळण्यात दबणार. अखंड 330 फुटांत हेच नुकसान चौदाव्या हिश्शाच्या आसपास असतं. ट्रॅक्टरवाला भाडं तासावर घेत असेल तर तो आनंदानं वळत बसेल, एकरावर घेत असेल तर दुसऱ्या वर्षी येणारच नाही. मग काय होतं? तिघेही उभी पेरणी सुरू करतात, उताराच्या दिशेनं. दोन मोठ्या पावसांत वरच्या मुरमावरची होती नव्हती ती माती खाली, तिथून नाल्यात. पाच-सात वर्षांनी वरच्या भागात ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो.

तुकड्यांनी शेती मोडते ती अशी. एका दिवसात काही होत नाही.

तरीही धाकट्याला मूर्ख समजू नका. उभ्या पट्टीची मागणी न्यायाची आहे. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी काळी, रस्त्याचं तोंड आणि विहिरीकडची बाजू मिळावी, हे त्याचं गणित. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वाटण्या अशाच होत आल्या, कारण अडाणीपणापेक्षा अविश्वास मोठा होता. एकाला काळी आणि एकाला मुरमाड गेली तर पुढची चाळीस वर्षं टोमणे ऐकायचे, त्यापेक्षा प्रत्येक रानाचे तुकडे बरे. प्रत्येक पिढीनं आपापल्या घरातलं भांडण असं मिटवलं आणि त्याची किंमत रानानं मोजली.

ही आजची गोष्टही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली. 1771 साली तिथं सरासरी धारणक्षेत्र 40 एकर होतं, 1915 च्या सुमारास ते 7 एकरांवर आलं होतं आणि बरेचसे तुकडे एकराच्याही आत होते. (आज त्या गावात शेतीचा प्रश्न सुटलाय. सगळीकडे इमारती आहेत.) राज्याचं म्हणाल तर कृषी गणनेप्रमाणे 1970-71 मध्ये महाराष्ट्रात सरासरी खातं 4.28 हेक्टरांचं होतं. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरांवर उतरलं. तुमचे वडील गेले तेव्हा तुमचं घर या सरासरीच्या वर होतं. तिघांत वाटल्यावर पाऊण हेक्टराच्या आत जाईल.

मान यांच्या पाहणीनंतर थोड्याच दिवसांत, 1918 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा मला तुमच्या पत्राच्या संदर्भात फार कामाचा वाटतो. जमीन फायद्याची आहे की नाही हे एकरांवरून ठरत नाही, ती कसायला हाताशी असलेल्या अवजारांच्या, भांडवलाच्या आणि माणसांच्या प्रमाणावरून ठरतं, असं त्यांनी मांडलं. आणि शेतीवर फार माणसं अडकून पडलीत हे खरं दुखणं, त्यावर उपाय उद्योगधंदे वाढण्यात आहे, असं सांगितलं. तुमच्या घरात बघा. मधल्याचा पगार आणि धाकट्याचा टेम्पो हे शेतीच्या विरुद्ध नाहीत, त्यांच्यामुळेच या साडेपाच एकरांवरचा भार हलका झालाय. तीन संसार या जमिनीवर चालणार नाहीत, उभी वाटा की आडवी. एक संसार मात्र चालू शकेल, जमीन एका हातानं कसली गेली तर.

म्हणून माझं मत सरळ आहे. मालकी वाटा, कसणं वाटू नका. आता ते कसं करायचं ते बघू.

आधी वाटेकरी किती ते नीट मोजा. तुमच्या पत्रात 'तीन-तीन वाटे' आहेत, मी वाटेकरी पाच मोजतो. आई आहे, बहीण आहे. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असो की वडिलोपार्जित, तुमच्यासारख्या घरात मृत्युपत्र नसेल तर हिशेब प्रत्येकी पाचव्या हिश्शापाशीच येतो. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला आणि वडील त्या वेळी हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं. हक्कसोडपत्र ही बहिणीची खुशी आहे, भावकीची वसुली नव्हे. तुमचं मन होत नाही ते बरोबरच आहे. तिला बोलवा, आईसमोर विचारा. तिला जमीन हवी की पैसे, की नुसतं नाव राहावं. नाव राहिलं म्हणून बांध घालावा लागत नाही. 'बहिणींनी हिस्से मागितले म्हणून जमिनीचे तुकडे झाले' असं पारावर बोललं जातं. महाराष्ट्रातले तुकडे पाडले ते भावांनी, बहिणींना हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी. आणि आईचा हिस्सा तर कुणाच्या तोंडीच येत नाही. सातबाऱ्यावर आईचं नाव असलेलं घर मी जरा जास्त शांत राहिलेलं पाहिलंय.

आता नाल्यापलीकडचं दीड एकर, म्हणजे 60 गुंठे. पाच जणांत 12 गुंठे, चौघांत 15, तिघांत बरोबर 20. तुकडेबंदी कायदा 1947 पासून आहे. 2023 च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरवलं. त्याहून लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येत नाही. आणि कायद्यात एक शहाणपणाची सोय आहे, जिचा फारसा कुणी उपयोग करत नाही. सरकारी किंवा कोर्टाच्या वाटपात एखाद्याचा हिस्सा तुकड्याइतका लहान होत असेल तर त्याला जमिनीऐवजी पैशात मोबदला द्यायचा. हीच रीत तुम्ही घरात आपखुशीनं वापरा. ते दीड एकर अख्खं एकाच्या वाट्याला जाऊ द्या, बाकीच्यांना चार एकरात किंवा रोखीत भरपाई. तिथं जायला वाट नाही म्हणता, तर तीन मालक झाल्यावर वाट कोण मागणार? एक मालक असेल तर तो तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्त्याचा अर्ज करील आणि पाठपुरावाही करील. तिघे असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघेल.

चार एकरांसाठी माझी पहिली पसंती अशी : वारसनोंद करून सगळ्यांची नावं लावा, सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे त्याच संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करून कुणाचं किती क्षेत्र ते ठरवून घ्या आणि रानात एकही नवा बांध घालू नका. कसायचं तुम्ही. मधला, धाकटा, बहीण आणि आई यांच्या क्षेत्राचा खंड, म्हणजे कसण्याचं भाडं, ठरवा. पाडवा ते पाडवा, गावात चालतो त्या दरानं, आणि पैसे खात्यावर. 'भावाला कसला खंड' असं म्हणू नका. फुकट कसलेल्या जमिनीची आठवण देणाऱ्याला रोज येते आणि घेणाऱ्याला कधीच येत नाही. खंडाचा साधा कागद दरवर्षी नवा करा, वकिलाला एकदा दाखवून.

एकत्र राहण्यात गोडीगुलाबी आहे असंही मी सांगणार नाही. सामाईक खात्यावर पीककर्ज काढायचं तर सोसायटी बाकीच्यांच्या सह्या मागते. अतिवृष्टीचं अनुदान आलं तर संमतीपत्र हवं. मधला चाकणहून प्रत्येक सहीला येणार नाही. म्हणूनच क्षेत्र नावापुढे वेगळं असू द्या. पीएम किसानचं म्हणाल, तर तिथं कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अज्ञान मुलं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आली असेल तर लाभ मिळत नाही, पण मृत्यूनंतर वारसानं आली असेल तर ती अट आड येत नाही. धाकट्याला सांगा, हप्त्यासाठी वारस म्हणून नाव लागणं महत्त्वाचं, बांध लागत नाही.

एवढं करूनही धाकटा ऐकणार नसेल, आणि कधी कधी ऐकत नाहीत, तर दुसरी पसंती. उभे वाटे नकोत, तीन आडवे पाडा, आई-बहिणीचे हिस्से त्यांना विचारून त्यांतच बसवा. एका कडेनं रस्त्यापासून खालच्या वाट्याच्या तोंडापर्यंत बारा फुटांची वाट सोडा. पहिल्या दोन वाट्यांतून जाणारी ही वाट, वाटे सारखे धरले तर 352 फुटांची, जवळजवळ चार गुंठे खाईल. दोन आडवे बांध आणखी अडीच. म्हणजे उभ्यापेक्षा जास्त जमीन जाते, हे मी लपवत नाही. पण हे बांध उताराला आडवे पडतात, पाणी आणि माती धरतात, आणि सरी जवळजवळ 330 फुटांची राहते. जमीन चांगली-वाईट आहे त्याचा तोडगा क्षेत्रात काढा. वाट वगळून 156 गुंठे उरले तर वरच्या मुरमाडाला 62, मधल्याला 50, खालच्या काळीला 44, असं काहीतरी. आकडे माझे आहेत, आणेवारी, म्हणजे कुठल्या जमिनीचा कस किती ते, तुमच्या गावातल्या जाणत्या माणसांकडून ठरवा. मग जुनी रीत : थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला आपण शेवटी उचलणार हे माहीत असलं की टेप आपोआप सरळ धरला जातो. वाटेची नोंद मात्र सातबाऱ्याच्या इतर हक्कात झालीच पाहिजे. तोंडी वाट नातवंडांच्या वेळी नांगरली जाते.

विहिरीला हात लावण्याआधी दहादा विचार करा. वाटणी झाली की प्रत्येक जण आपलं पाणी म्हणून बोअर घेतो. आपल्या काळ्या पाषाणात शे-दीडशे फुटांच्या अंतरावरचे तीन बोअर एकमेकांचं पाणी ओढतात आणि उन्हाळ्यात विहीरही बसते. नवी विहीर सरकारी योजनेतून मिळेल अशा भरवशावर राहू नका. मनरेगाच्या नियमांत तिला सलग 0.40 हेक्टर जमीन आणि दोन विहिरींत 150 मीटर अंतर अशी अट, काही घटकांना त्यातून सूट असली तरी. तुमचं अख्खं रान 100 मीटर रुंद आणि 161 मीटर लांब आहे. म्हणजे आहे ती विहीर सामाईक, तिच्याभोवतीची दोन गुंठे पड आणि तिथवरची पायवाटही सामाईक, आणि प्रत्येकाचा हिस्सा सातबाऱ्यावर. पाळी तासांत लिहा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल 2024 पासून सरकार भरतं, त्यामुळे बिलाचं भांडण मिटलं. मोटार जळाल्यावरचं मिटलेलं नाही, ते आधीच लिहून ठेवा. आणि लाईटची रात्रपाळी आठवड्याआड फिरती ठेवा. एकाच भावानं कायम रात्री दारं धरायची, याच्यावरून जितकी घरं फुटलीत तितकी जमिनीवरून फुटली नसतील.

मधल्याचा एजंट. त्याला शांतपणे सांगा की 20 गुंठ्यांच्या आतला जिरायती तुकडा कायद्यानं सहसा विकता येत नाही, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. गुंठ्याच्या भावाचा तो आकडा बहुतेक हवेतला आहे. तरी त्याला खरंच पैसे हवे असतील तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 22 वाचा. वारसानं आलेल्या मालमत्तेतला हिस्सा एखाद्या वारसानं विकायला काढला तर बाकीच्या वारसांचा तो घेण्याचा पहिला हक्क असतो, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलंय. पण कोर्टात जाण्याआधी त्याला स्वतः भाव द्या, चार-पाच वर्षांच्या हप्त्यांत. परका माणूस हिश्शात आला की विहिरीवर येतो. आणि दाव्याला घाबरत असाल तर हेही ऐका : कोर्टाचा हुकूम झाला तरी सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप शेवटी महसूल खात्याकडेच येतं. वीस वर्षं फिरून पुन्हा तोच टेप.

कागद करताना कंजुषी नको. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क सरकारनं 2025 मध्ये माफ केलंय, तेव्हा नोंदणी करूनच घ्या. आडवे वाटे पाडणार असाल तर भूमी अभिलेखाकडून मोजणी करून खुणा पक्क्या रोवा. मोजणी सुगीनंतर, रान मोकळं असताना. सोयाबीन उभं असताना मोजणीदार आला तर तोही वैतागतो आणि तुम्हीही.

डाळिंबाचं विचारलंत. कागद होईपर्यंत काहीच लावू नका. बाग उभी राहिली की त्या भागाचा भाव बदलतो आणि वाटे पुन्हा पहिल्यापासून पाडावे लागतात. शिवाय डाळिंबाला उन्हाळ्यात पाणी हवं, तुमची विहीर खाली आणि मुरूम वर. कागद झाल्यावर वरचा भाग तुमच्याकडे राहिला, कसायला का होईना, तर सीताफळाचा विचार करा. तुमच्याच तालुक्यात गोरमाळ्याला जाऊन या. हलक्या रानावर, थोड्या पाण्यावर ते काय करतात ते बघा, आणि जाताना धाकट्याला टेम्पो घेऊन बरोबर न्या. माल बाजारात कोण नेणार हेही त्याच फेरीत ठरेल.